४४ नेटचा पत्ता आणि परतीची वाट: हॅम जाळं इंटरनेटला जोडण्याचं सविस्तर मार्गदर्शन

इंटरनेटला जोडलेलं हॅम जाळं, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचं संगणक-जाळं, उभारायचं म्हटलं की सगळी धडपड ४४ नेटचा पत्ता, म्हणजे हॅमसाठी राखलेला ४४ ने सुरू होणारा आयपी पत्ता, मिळवण्यासाठी होते. पत्ता मिळतो, गेटवेवर, म्हणजे जाळं आणि इंटरनेट यांमधल्या यंत्रावर, चढतो, बाहेरून एखादा मित्र पिंग (पोचतंय का ते बघणारं छोटं पॅकेट) मारतो आणि उत्तर काही येत नाही. अशा अवस्थेत मी एक अख्खी रात्र घालवली आहे, तिची हकिगत पुढे येईलच. त्या रात्रीपासून प्रत्येक पायरीवर एक प्रश्न विचारायची सवय लागली: याचं उत्तर कुठल्या वाटेने परत जाणार? पत्त्यांची वाटणी असो, टनेल (एका पॅकेटात दुसरं घालून नेण्याची वाट) असो की शेवटची रेडिओ लिंक, हा लेख त्याच प्रश्नाचं बोट धरून पुढे जातो.

तुमच्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे, लिनक्सवर हात बसलेला आहे आणि सबनेटचं गणित थोडंफार येतं, असं मी धरून चालतो.

४४ कुठून आलं

१९८१ साली हँक मॅग्नुस्की या हॅमने पॅकेट रेडिओच्या, म्हणजे रेडिओवरून डेटा पाठवण्याच्या, प्रयोगांसाठी ४४.०.०.०/८ हा अख्खा पट्टा मागून घेतला. तब्बल १,६७,७७,२१६ पत्ते. पुढे ब्रायन कँटर यांनी वर्षानुवर्षं त्यांची व्यवस्था पाहिली आणि २०११ साली त्यासाठी अमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स, म्हणजे एआरडीसी, ही ना-नफा संस्था उभी राहिली. २०१९ मध्ये या संस्थेने पट्ट्याचा वरचा चौथा हिस्सा, ४४.१९२.०.०/१०, ॲमेझॉनला विकला. आता हॅम लोकांकडे ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१० हे दोन तुकडे आहेत, मिळून १,२५,८२,९१२ पत्ते.

हा इतिहास आजही राउटर बिघडवतो. २०१९ च्या आधी लिहिलेल्या बऱ्याच स्क्रिप्टमध्ये 'सगळा ४४/८ टनेलमधून पाठव' अशी एकच ओळ असते. ती तशीच उचलली तर विकलेल्या हिश्श्यात बसलेल्या सर्व्हरकडे जाणारी पॅकेटंही टनेलमध्ये शिरतात आणि हरवतात. घरात काही वेबसाइट उघडतात, काही उघडत नाहीत, आणि त्याचा संबंध रेडिओशी असेल असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. म्हणून कुठलीही जुनी स्क्रिप्ट हाती आली की आधी ४४/८ शोधा आणि त्या जागी वरचे दोन तुकडे लिहा.

४४ हवंच आहे का?

जाळं फक्त आपसातलं असेल, इंटरनेटशी त्याचा संबंध नसेल, तर १०.०.०.०/८ पुरतं. एआरईडीएन या हॅम मेश जाळ्याच्या नोडमध्ये तर १० ने सुरू होणारा पत्ता हार्डवेअरच्या मॅक पत्त्यातल्या शेवटच्या तीन बाइटवरून आपोआप तयार होतो. मागणी नाही, वाटप नाही.

४४ ची गरज दोन ठिकाणी भासते. पहिली, दोन स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडताना. दोघांनीही १९२.१६८.१.० वापरलेलं असेल तर जोडणी सुरू होण्याआधीच अडते. ४४ मधला तुमचा तुकडा जगात फक्त तुमचा असतो. दुसरी, एकाच जागी अनेक सेवा चालवताना. इकोलिंकला (इंटरनेटवरून हॅम स्टेशनं जोडणाऱ्या आवाजाच्या सेवेला) यूडीपी ५१९८ आणि ५१९९ हे ठरलेले पोर्ट आत यायला मोकळे लागतात. एका सार्वजनिक पत्त्यामागे नॅट करून (तो एकच पत्ता वाटून घेऊन) बसलेल्या तीन नोडना ते एकाच वेळी देता येत नाहीत. ऑलस्टार या तशाच सेवेत नेहमीचा ४५६९ पोर्ट बदलता तरी येतो, इकोलिंकमध्ये हात बांधलेले असतात. प्रत्येक नोडला स्वतःचा ४४ चा पत्ता दिला की हा गुंता मुळातच सुटतो.

पायरी १: आधी कागदावर वाटणी

मागणी करण्यापूर्वी आराखडा कागदावर काढा. उदाहरणासाठी मी ४४.१२८ ने सुरू होणारे पत्ते घेतो, कारण ४४.१२८.०.०/१६ चाचणीसाठी राखून ठेवलेला आहे. प्रत्यक्ष वापरात तो घ्यायचा नाही.

समजा एका क्लबला ४४.१२८.१०.३२/२७ मिळाला. म्हणजे ३२ ते ६३ असे ३२ पत्ते. हे सरसकट एका केबलवर ओतायचे नाहीत, आधी माध्यमानुसार तुकडे पाडायचे:

४४.१२८.१०.३२/२९ तारेवरच्या सर्व्हरसाठी. ३२ आणि ३९ हे दोन्ही टोकांचे पत्ते सोडले की ३३ ते ३८ असे सहा उरतात, त्यात ३३ गेटवेला.

४४.१२८.१०.४०/२९ टेकडीवरच्या मायक्रोवेव्ह लिंकसाठी. दोनच टोकं असलेल्या लिंकला /३१ पुरतो, त्यामुळे या आठ पत्त्यांत चार लिंक बसतात. जुन्या उपकरणाला /३१ समजत नसेल तर /३० द्या, मग दोनच लिंक होतील.

४४.१२८.१०.४८/२८ नॅरोबँड रेडिओसाठी, म्हणजे १२०० किंवा ९६०० बॉडवर (सेकंदाला तेवढेच बिट) एकच फ्रिक्वेन्सी वाटून घेणाऱ्या स्टेशनांसाठी.

अशी विभागणी करण्यामागे ठोस कारण आहे. राउटर नेहमी सर्वात लांब जुळणारा प्रिफिक्स निवडतो. बाहेरच्या जगाला तुमचा एकच /२७ दिसतो आणि आतल्या गेटवेला तीन तुकडे दिसतात. उद्या रेडिओचा गेटवे दुसऱ्या इमारतीत हलवला तर ४८/२८ चा एक मार्ग बदलला की काम झालं. हेच पत्ते जसे मागितले तसे, आज सर्व्हरला, उद्या रेडिओला, परवा लिंकला असे वाटत गेलात तर प्रत्येक पत्त्यासाठी वेगळा /३२ मार्ग लिहावा लागतो. दोन वर्षांनी ती यादी कुणालाच वाचता येत नाही.

वाटणीची वही ठेवा: पत्ता, कॉलसाइन, एसएसआयडी, जागा, दिल्याची तारीख. कॉलसाइनमागचा एसएसआयडी ० ते १५ असतो, म्हणजे एका परवान्यावर सोळा वेगळी स्टेशनं ओळखू येतात. वहीत ही जोडी पक्की असली की पुढे एआरपीची (कुठला पत्ता कुठल्या स्टेशनाचा याची) नोंद करताना शोधाशोध होत नाही. सोडलेला पत्ता लगेच दुसऱ्याला देऊ नका. जुन्या एआरपी नोंदी आणि डीएनएसची नावं बरेच दिवस इकडेतिकडे रेंगाळतात.

पायरी २: मागणी

एआरडीसीच्या पोर्टलवर खातं उघडायचं, कॉलसाइनची खातरजमा करून घ्यायची आणि आपल्या भागासाठी जाळ्याची मागणी नोंदवायची. मागण्या बघणारे समन्वयक स्वयंसेवक असतात, तेव्हा त्यांचं काम सोपं करा. 'प्रयोगासाठी /२४ हवा' एवढंच लिहिलेला अर्ज त्यांना उलट प्रश्न विचारायला लावतो. वरचा कागदावरचा आराखडा शब्दांत लिहा: किती सर्व्हर, किती लिंक, किती रेडिओ स्टेशनं, जोडणी टनेलने करणार की बीजीपीने (इंटरनेटवर स्वतःचा मार्ग जाहीर करून). वापर हौशी रेडिओच्या कामासाठी आणि बिगर-व्यावसायिक असायला हवा, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ३: जोडणीचा मार्ग निवडा

तीन मार्ग आहेत आणि यातली निवड तुमच्या इंटरनेट जोडणीवर अवलंबून आहे.

पहिला, आयपीआयपी मेश. जगभरचे हॅम गेटवे एकमेकांना थेट टनेलने जोडलेले असतात. ४४ चं पॅकेट साध्या आयपी लिफाफ्यात घालून समोरच्या गेटवेच्या सार्वजनिक पत्त्यावर पाठवायचं. हॅम नसलेल्या जगाशी बोलायचं तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथला मुख्य गेटवे मध्यस्थी करतो. यासाठी गेटवेला सार्वजनिक पत्ता हवा.

दुसरा, बीजीपी. किमान /२४ घेऊन तो थेट इंटरनेटवर जाहीर करायचा. याहून लहान तुकडे मोठे प्रदाते गाळून टाकतात. एआरडीसीचं अधिकारपत्र लागतं आणि तुमच्या वतीने जाहीर करणारा प्रदाता लागतो. क्लबजवळ नेटवर्कमध्ये मुरलेला माणूस असेल तर हा सर्वात स्वच्छ मार्ग आहे: भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवरून /२४ जाहीर करायचा आणि तिथून क्लबपर्यंत वायरगार्ड या एन्क्रिप्ट करणाऱ्या व्हीपीएनचा टनेल आणायचा.

तिसरा, दुसऱ्या कुणाच्या गेटवेला व्हीपीएनने जोडून त्याच्यामार्फत पत्ते घ्यायचे. सीजीनॅटमागे असाल, म्हणजे प्रदात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असेल, तर तुमच्यासाठी हाच. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. मग बाहेरून कुणीही तुमच्याकडे थेट येऊ शकत नाही आणि आयपीआयपीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पुढच्या पायऱ्या आयपीआयपी धरून लिहिल्या आहेत, कारण परतीच्या वाटेचे सगळे खाचखळगे त्यात उघडे दिसतात. वायरगार्ड वापरलात तरी पायरी ५ जवळजवळ तशीच लागू होते.

पायरी ४: टनेल उभा करा

आयपीआयपी हा प्रोटोकॉल क्रमांक ४ आहे. हा पोर्ट क्रमांक नाही. राउटरमध्ये टीसीपी किंवा यूडीपीचा पोर्ट ४ उघडून वाट बघत बसलेले लोक मी पाहिले आहेत. घरगुती राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर प्रोटोकॉल क्रमांक टाकायची सोयच बहुतेक वेळा नसते. अशा वेळी गेटवे मशीनला डीएमझेड होस्ट (बाहेरून आलेलं सगळं राउटर ज्याच्याकडे पाठवतो ते यंत्र) करून बघा, तेही जमलं नाही तर राउटर ब्रिज मोडमध्ये टाकून सार्वजनिक पत्ता थेट गेटवेवर घ्या. मी ब्रिज मोडच सुचवेन, कारण काही राउटर डीएमझेडमध्येही टीसीपी आणि यूडीपी सोडून बाकी सगळं अडवतात.

एक फसवं लक्षण ओळखून ठेवा. तुम्ही आधी समोरच्याला पिंग केलं की त्याची पॅकेटं थोडा वेळ येतात, मग बंद होतात. याचा अर्थ राउटरने तुमच्या बाहेर जाणाऱ्या पॅकेटमुळे तेवढ्या एका गेटवेसाठी भोक उघडलं होतं, बाकीच्यांना दार बंदच आहे. टनेल ठीक आहे, राउटर आडवा येतोय.

टनेल बनवताना स्थानिक टोक म्हणून स्वतःचा सार्वजनिक पत्ता स्पष्ट द्या, समोरचं टोक मोकळं ठेवा, एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४८० ठेवा. लिफाफ्याचं हेडर २० बाइटचं, म्हणून १५०० उणे २०.

आता मार्ग कुठून येणार? मुख्य गेटवे दर पाच मिनिटांनी आरआयपी (मार्ग जाहीर करण्याचा प्रोटोकॉल) आवृत्ती २ ची पॅकेटं टनेलमधून पाठवतो, २२४.०.०.९ या मल्टिकास्ट पत्त्यावर, यूडीपी ५२० पोर्टवर. त्यात कुठला ४४ चा तुकडा कुठल्या सार्वजनिक पत्त्यामागे आहे त्याची यादी असते. लिनक्सवर हे ऐकायला एएमपीआर-रिपडी नावाचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो ही यादी वेगळ्या राउटिंग टेबलात भरतो. त्या टेबलाला मी ४४ हाच क्रमांक देतो. नेहमीचे आरआयपी प्रोग्रॅम इथे कामाचे नाहीत: ते मार्ग पाठवणाऱ्यालाच पुढचा थांबा समजतात, आणि इथे प्रत्येक मार्गाचा पुढचा थांबा वेगळा गेटवे असतो.

पोर्टलवर गेटवेचा सार्वजनिक पत्ता नोंदवल्यावर हे आरआयपी यायला लागतं. दहा मिनिटं थांबा. बाहेरच्या इंटरफेसवर टीसीपीडंप लावून फक्त प्रोटोकॉल ४ ची पॅकेटं बघा. काहीच दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, अडचण अजून राउटरमध्येच आहे.

पायरी ५: परतीची वाट

ती रात्र याच पायरीवर गेली होती. टनेल चालू, आरआयपी येत होतं, टेबल भरलं होतं. दुसऱ्या हॅम गेटवेवरून पिंग चालायचं, पण साध्या इंटरनेटवरून मित्राने पिंग केलं की शांतता. शेवटी टर्मिनलच्या दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. डावीकडे टनेलचा इंटरफेस: मित्राचं पिंग येताना स्वच्छ दिसत होतं. उजवीकडे इंटरनेटचा इंटरफेस: त्याच क्षणी माझं उत्तर तिथून निघत होतं, पाठवणारा ४४ चा पत्ता, उघडं, लिफाफ्याशिवाय. सर्व्हरने उत्तर दिलं होतं. पण मित्राचा पत्ता ४४ चा नव्हता, म्हणून कर्नलने नेहमीचा डिफॉल्ट मार्ग धरला. पुढे इंटरनेट प्रदात्याने 'हा पाठवणारा पत्ता आमच्या ग्राहकाचा नाही' म्हणून ते टाकून दिलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. खोट्या पत्त्यांचे हल्ले रोखण्यासाठी असं गाळणं २००० सालापासून शिफारस केलेली पद्धत आहे.

इलाज म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून मार्ग ठरवणं. लिनक्सच्या आयपी रूल या सोयीत नियम क्रमाने तपासले जातात, लहान क्रमांक आधी. माझा क्रम असा, सार्वजनिक पत्ता २०३.०.११३.२५ धरून:

पहिला नियम: पाठवणारा २०३.०.११३.२५ असेल तर मुख्य टेबल बघ.
दुसरा: जायचं ठिकाण ४४.१२८.१०.३२/२७ असेल तर मुख्य टेबल बघ.
तिसरा: पाठवणारा ४४.१२८.१०.३२/२७ मधला असेल तर टेबल ४४ बघ.
चौथा आणि पाचवा: जायचं ठिकाण ४४.०.०.०/९ किंवा ४४.१२८.०.०/१० मध्ये असेल तर टेबल ४४ बघ.

टेबल ४४ मध्ये आरआयपीने आणलेले मार्ग असतात आणि एक डिफॉल्ट मार्ग, मुख्य गेटवेकडे, टनेलमधून.

इथे क्रम चुकला की सगळं चुकलं. दुसरा नियम नसेल तर तुमच्याच सर्व्हरने तुमच्याच रेडिओ स्टेशनला पाठवलेलं पॅकेट तिसऱ्या नियमात अडकून सॅन डिएगोच्या दिशेने निघतं. पहिला नियम नसेल तर आणखी अवघड प्रकार होतो. समोरच्या गेटवेचा सार्वजनिक पत्ता स्वतःच ४४ मधला असला, म्हणजे बीजीपीने जाहीर केलेला असला, तर भरलेला लिफाफा चौथ्या किंवा पाचव्या नियमात सापडून पुन्हा टनेलमध्ये जातो, पुन्हा लिफाफा चढतो, आणि कर्नल लॉगमध्ये चक्र झाल्याची तक्रार करतो. टनेल बनवताना स्थानिक टोक स्पष्ट द्या म्हटलं ते यासाठीच: लिफाफ्यावर तुमचा सार्वजनिक पत्ता असला तरच पहिला नियम त्याला पकडतो.

दुसरा अडसर आरपी फिल्टरचा. आलेल्या पॅकेटच्या पाठवणाऱ्याकडे परतीचा मार्ग त्याच इंटरफेसवरून जात नसेल तर कडक फिल्टर ते गुपचूप टाकतो, लॉगमध्ये ओळही येत नाही. टनेलच्या इंटरफेसवर किंमत २, म्हणजे सैल तपासणी, ठेवा (१ म्हणजे कडक, ० म्हणजे बंद). काही जण ० लिहितात आणि तरी चालत नाही म्हणून वैतागतात. कर्नल 'ऑल' आणि त्या इंटरफेसची किंमत यांतली मोठी घेतो. ऑलमध्ये १ असेल तर तुमचा ० वाया जातो, २ मात्र लागू पडतो.

पायरी ६: फायरवॉल, रेडिओच्या आधी

४४ चा पट्टा इतका मोठा आणि इतका रिकामा आहे की सॅन डिएगोचे संशोधक त्याच्याकडे येणाऱ्या अनाहूत पॅकेटांचा अभ्यास करत आले आहेत. पोर्ट चाळणारे बॉट, जुन्या किड्यांचे उरलेसुरले प्रयत्न, चुकीची मांडणी झालेली यंत्रं, हा सगळा केर रोज येतो. तो तारेवरच्या सर्व्हरवर आला तर लॉग भरतो. रेडिओकडे गेला तर प्रत्येक पॅकेटला तुमचा ट्रान्समीटर प्रसारण सुरू करतो, तुमच्या कॉलसाइनवर, तुमच्या जबाबदारीवर.

म्हणून टनेलकडून रेडिओकडे जाणारं सगळं आधी बंद. मग मोजकं उघडा: आतून सुरू झालेल्या संभाषणांची उत्तरं, मिनिटाला मोजकीच पिंग, आणि ४४ कडून टनेलमधूनच आलेली ठरलेल्या पोर्टवरची विनंती. पाठवणारा ४४ चा आहे म्हणून तो हॅमच असेल असं समजू नका, पत्ता खोटा घालता येतो.

उलट दिशेलाही गाळणी लावा. लॅपटॉप रेडिओ इंटरफेसला जोडला की तो पोर्ट ५३५३, ५३५५, १९००, १३७ वर शेजाऱ्यांचा शोध घ्यायला लागतो. हे सगळं रेडिओवर जायच्या आधी थांबवा.

एन्क्रिप्शनचं भान इथेच ठेवायचं. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनुसार वेगवेगळ्या देशांतल्या हौशी स्टेशनांमधलं प्रसारण अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करता येत नाही, आणि देशोदेशीच्या परवान्यांत आपापल्या अटी असतात. इंटरनेटच्या तारेवर वायरगार्ड चालतं, कारण ते रेडिओ नव्हे. तोच टनेल हौशी फ्रिक्वेन्सीवरून नेऊ नका. तो गेटवेवर संपला पाहिजे.

पायरी ७: नॅरोबँड रेडिओ

टेकडीवरच्या मायक्रोवेव्ह लिंक साध्या नेटवर्कसारख्या वागतात. तिथे ओएसपीएफ (मार्ग आपोआप शोधणारा प्रोटोकॉल) लावा आणि पुढे व्हा. खरी कसरत १२०० बॉडवर आहे.

गणित करून बघू. एएक्स.२५ वर, म्हणजे पॅकेट रेडिओच्या प्रोटोकॉलवर, नेहमीचा एमटीयू २५६. फ्रेमचं स्वतःचं ओझं साधारण १८ बाइट, एकूण २७४ बाइट, २,१९२ बिट. १२०० ने भागलं की १.८ सेकंद, त्यात टीएक्स डिलेची (ट्रान्समीटर सुरू झाल्यावर डेटाआधी थांबण्याची) ०.३ सेकंदाची भर. एक पॅकेट म्हणजे दोन सेकंदांहून जास्त वेळ फ्रिक्वेन्सी अडवणं. ९६०० वर याच पॅकेटचे नुसते बिट पाव सेकंदाच्या आत जातात.

आता या वाटेवर आरआयपी सोडलं तर? २५ मार्गांची एक घोषणा हेडरसकट ५३२ बाइटची होते. ती २५६ मध्ये मावत नाही, तुकडे होतात, आणि फक्त बिट वाहायला साडेतीन सेकंद लागतात. नेहमीच्या ३० सेकंदांच्या अंतराने पाठवलं तर वाहिनीचा आठवा-नववा हिस्सा नुसत्या घोषणांत गेला. नॅरोबँडवर स्थिर मार्गच लिहा: प्रत्येक स्टेशनवर एक डिफॉल्ट गेटवेकडे, गेटवेवर एक ४८/२८ रेडिओकडे. सोळा पत्त्यांच्या जाळ्याला याहून जास्त लागत नाही.

एआरपीही स्थिर ठेवा. डिरवुल्फसारख्या सॉफ्टवेअर मोडेमला कर्नलशी जोडून इंटरफेस उभा केला की लिनक्स समोरच्याचा कॉलसाइन शोधायला क्यूएसटी या नावाने सगळ्यांना हाक मारतो. ती हाक आणि तिचं उत्तर, दोन्ही हवेत. पायरी १ मधल्या वहीतून पत्ता आणि कॉलसाइनची जोडी एकदा लिहून टाकली की ही हाकाटी बंद होते.

सर्वात जास्त त्रास टीसीपी देतं, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. आजचं टीसीपी पहिल्या फटक्यात दहा सेगमेंट पाठवतं आणि एका सेकंदात पोच आली नाही की पुन्हा पाठवायला लागतं. १२०० बॉडवर दहा पॅकेटं हवेत जायला अठरा सेकंदांहून जास्त लागतात. पहिलं अजून पोचायचंय तोवर त्याची दुसरी प्रत रांगेत उभी. रांग वाढत जाते आणि समोरच्या स्टेशनला पोच द्यायलाही मोकळी फट मिळत नाही. उपाय रेडिओच्या मार्गावरच लिहायचा: टीसीपीची सुरुवातीची खिडकी (पोच येण्याआधी पाठवायचे सेगमेंट) १, पुन्हा पाठवण्याचा किमान अवधी पाच-सहा सेकंद, सुरुवातीचा फेरीचा अंदाजही तेवढाच. टीसीपीचे टाइमस्टँप बंद करा, त्याचे १२ बाइट २५६ मध्ये जाणवतात.

पण ही मलमपट्टी फक्त तुमच्या यंत्राला लागू होते. इंटरनेटवरचा दूरचा सर्व्हर आपल्याच घाईने पाठवत राहणार. म्हणून रेडिओ स्टेशनांना थेट इंटरनेट देण्यापेक्षा गेटवेवर मध्यस्थ ठेवा, मेल आणि संदेश तिथेच उतरवून घ्या आणि रेडिओवर आपल्या वेगाने पाठवा. थेट द्यायचंच असेल तर गेटवेवर एमएसएस, म्हणजे टीसीपीच्या एका सेगमेंटमधल्या डेटाची मर्यादा, आवळा: टनेलसाठी १४४०, रेडिओसाठी २१६. नाहीतर मोठ्या पॅकेटांना 'लहान कर' सांगणारा आयसीएमपी संदेश वाटेत कुठेतरी अडतो. मग जोडणी तर होते, पहिल्या दोन ओळी येतात, आणि पान मध्येच थिजतं.

आयपी डेटाग्राम मोडने (रेडिओच्या पातळीवर पोच न घेता) न्यायचा की व्हर्च्युअल सर्किटने (पोच घेत)? लिंक चांगली असेल तर डेटाग्राम. सर्किट मोडमध्ये एएक्स.२५ स्वतः पुन्हा पाठवतं, वर टीसीपीही पाठवतं, आणि दोघंही एकाच हरवलेल्या पॅकेटासाठी वाहिनी अडवतात. दर चार-पाच पॅकेटांत एक हरवत असेल तरच सर्किट, आणि त्याआधी अँटेना एकदा तपासा. आयपीव्ही६ चा मोह इथे टाळा. त्याला लिंकवर किमान १२८० बाइटचा एमटीयू लागतो, २५६ वर तो सरळ बसत नाही.

पायरी ८: नाव आणि चाचणी

पोर्टलवरून प्रत्येक चालू पत्त्याला एएमपीआर डॉट ओआरजीखाली कॉलसाइनचं नाव द्या. ते नुसतं सोयीसाठी नाही. मुख्य गेटवे डीएनएसमध्ये नोंद नसलेल्या पत्त्याकडे इंटरनेटवरची पॅकेटं पाठवत नाही. सगळी मांडणी बरोबर असून फक्त नाव नसल्यामुळे पत्ता मुका राहिलेला असू शकतो, तेव्हा पायरी ५ पुन्हा उसकटण्याआधी हे बघा.

चाचणी आतून बाहेर अशी करा. आधी गेटवेवरून ४४.१२८.१०.३४ सारख्या आपल्याच सर्व्हरला पिंग. मग पाठवणारा ४४ चा पत्ता ठरवून दुसऱ्या हॅम गेटवेला. मग पाठवणारा ४४ चाच ठेवून एखाद्या सामान्य इंटरनेट पत्त्याला: हे चाललं तर तिसरा नियम आणि डिफॉल्ट मार्ग दोन्ही ठीक आहेत. मग बाहेरून, मोबाइल डेटावरून, तुमच्या ४४ च्या पत्त्याला. घरच्या वायफायवरून केलेली ही चाचणी धरू नका, ती तुमच्याच राउटरमधून वळसा घालून येते.

सर्वात शेवटी रेडिओवरचं स्टेशन, ४४.१२८.१०.५०. पिंग एकदाच पाठवा, उत्तराची वाट पंधरा सेकंद बघा, आणि या वेळी दोन नव्हे तर तीन खिडक्या उघड्या ठेवा: टनेल, इंटरनेट आणि रेडिओ. विनंती टनेलमधून आत, रेडिओवर बाहेर; उत्तर रेडिओवरून आत, टनेलमधून बाहेर. मधल्या, इंटरनेटच्या खिडकीत ४४ चा पत्ता उघडा दिसता कामा नये, तिथे फक्त प्रोटोकॉल ४ चे लिफाफे. तिथे उघडं ४४ दिसलं की पायरी ५ मधल्या तिसऱ्या नियमाकडे परत जा.